आधी आलेली गोळी आधी

"लिफ्ट चालो की न चालो, माझी नात माझ्या हातांवरच चौथ्या मजल्यावर जाणार!" असं काका इमारतीच्या बैठकीत उभं राहून बोलले, आणि सगळा घोळ तिथेच झाला. बोलायची तशी काही गरज नव्हती. विषय लिफ्टचा होता. ती बंद पडली होती, दुरुस्तीवाला तिच्या दारावर पाटी लावून जो गेला तो गेलाच होता, आणि काकांची लेक पुढच्या महिन्यात तान्ह्या मुलीला घेऊन पहिल्यांदाच माहेरी येणार होती. तळमजल्यावरच्या वकीलबाई सहज म्हणाल्या, "मग बाळाला वर कोण आणणार? काकांना स्वतःलाच वर आणता आणता नाकी नऊ येतात." सगळे हसले. काकाही हसले. पण हसता हसता उभे राहिले आणि वरचं वाक्य बोलून बसले. त्यांच्या शेजारी बसलेल्या काकूंनी कपाळाला हात लावला.

आता काका म्हणजे कोण, ते सांगायला हवं. काका एका मोठ्या कारखान्याचे स्टोअरकीपर होते. निवृत्त झाले ते कागदावर. अंगातलं स्टोअर काही निवृत्त झालं नव्हतं. त्यांच्या कारकिर्दीत सहीशिवाय एक खिळा बाहेर गेला नाही, हे ते स्वतः सांगायचे आणि ऐकणाऱ्याला त्यावर विश्वास ठेवावाच लागायचा, कारण न ठेवला तर ते पुन्हा पहिल्यापासून सांगत. स्टोअरचा एक नियम त्यांनी देवाच्या नावासारखा जपला होता. जो माल आधी आला तो आधी बाहेर काढायचा. घरातसुद्धा तेच. जुना साबण संपल्याशिवाय नवा साबण निघत नसे, आणि जुनं बिस्किट मऊ पडलंय म्हणून नवा पुडा फोडायची काकूंची कधी छाती झाली नाही.

या शिस्तीचा इमारतीला फार अभिमान होता. त्यातूनच एक पद्धत पडून गेली होती. कोणाचं दुखणं बरं झालं आणि औषधाच्या पाकिटात गोळ्या उरल्या, की त्या टाकायच्या नाहीत, काकांकडे जमा करायच्या. चांगली गोळी टाकणं म्हणजे अन्न टाकण्यासारखंच, असं सगळ्यांचं मत. काका गोळीची मुदत तपासत, मुदत संपलेली असेल तर तोंडावर परत करत, आणि उरलेली आपल्या पत्र्याच्या डब्यात नीट रचून ठेवत. कोणाचं डोकं दुखलं, कंबर धरली, की माणूस आधी काकांचं दार वाजवायचा आणि मग जमलं तर डॉक्टरचं. काका कारण विचारल्याशिवाय गोळी सोडत नसत. एवढी जबाबदारी कोण घेतो हो आजकाल!

अशा माणसाच्या गुडघ्यांना संधिवात व्हावा, हा निव्वळ अन्याय होता. काकांचं तरी तेच मत होतं. डॉक्टरांनी मागच्या वर्षी फोटो काढून सांगितलं होतं, की गुडघ्यांची झीज झालीय, थोडं वजन उतरवा, मांड्यांचे व्यायाम करा, दुखलं तर मला येऊन दाखवा. काकांना यातलं 'झीज' तेवढं ऐकू आलं. झीज मशीनची होते, माणसाची नाही, असं म्हणून त्यांनी तो फोटो कपाटावर टाकला. पण आता भर बैठकीत शब्द गेला होता. गुडघे महिनाभरात तयार करणं भाग होतं.

"अहो, लेक काही लंगडी नाही," काकू म्हणाल्या. "तिचं बाळ ती आणेल वर. नाहीतर मी आणेन."

"प्रश्न कोण आणू शकतं हा नाहीये. प्रश्न मी काय बोललो हा आहे."

"मग बोलायचं कशाला?"

काकांनी चहा मागितला.

बातमी इमारतभर झाली आणि सल्ले सुरू झाले. पहिले आले तिसऱ्या मजल्यावरचे मास्तर. हे शाळेचे माजी मुख्याध्यापक, त्यामुळे ते सल्ला देत नसत, शिकवत. त्यांनी दाढदुखीतून उरलेल्या पांढऱ्या गोळ्यांची आठवण करून दिली. त्या डब्यातच होत्या. "काका, दाढेचं दुखणं म्हणजे दुखण्यांचा राजा. ते जिनं उतरवलं, तिला गुडघा म्हणजे किस झाड की पत्ती!" मग वकीलबाई आल्या. टोमणा आपणच मारला होता म्हणून त्यांना जरा लागलंही होतं. त्यांनी आपल्या कंबरेच्या गुलाबी गोळ्यांची शिफारस केली. "पांढरी काही कामाची नाही हो, गुलाबीच घ्या. मी दुसऱ्या दिवशी कोर्टात उभी होते." आणि काकांचे मेव्हणे, ज्यांना इमारतीत सगळे मामाच म्हणत, ते म्हणाले, की पांढरी आणि गुलाबी बायकामुलांनी घ्यावी, त्यांचा घोटा मुरगळला होता तेव्हाची हिरवी गोळी म्हणजे खरी गोळी.

"एकदा डॉक्टरला विचारा," काकू म्हणाल्या.

"डॉक्टर काय सांगणार? व्यायाम करा. नात येईपर्यंत मी काय पाय वर-खाली करत बसू?"

काकांनी मग प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला. डबा उघडला, मुदती तपासल्या. पांढरी आधी जमा झालेली, मग गुलाबी, मग हिरवी. तिन्हींची नावं वेगळी, रंग वेगळे, कंपन्या वेगळ्या. स्टोअरच्या भाषेत नाव वेगळं म्हणजे माल वेगळा. तेव्हा तिघांचाही मान राखून काकांनी सकाळी पांढरी, दुपारी गुलाबी आणि संध्याकाळी हिरवी सुरू केली. त्यातही सकाळची चहाच्या आधी, उपाशीपोटी. गोदाम रिकामं असलं की माल झटकन लावता येतो, हे त्यांना इतक्या वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं. रक्तदाबाची गोळी आणि हृदयासाठीची रक्त पातळ राखायची छोटी गोळी चालूच होती. त्यांचा गुडघ्यांशी काय संबंध, म्हणून त्यांचा विचारच केला नाही.

आणि सांगायला वाईट वाटतं, पण गुण आला. नुसता आला नाही, धावत आला. चार दिवसांत काका कठडा न धरता जिना उतरले. खाली वकीलबाईंच्या दारासमोर विनाकारण उभे राहिले, त्या बाहेर आल्यावर "काही नाही, सहज आलो होतो" म्हणाले, आणि त्यांच्या देखत पुन्हा वर चढले. त्या दिवशी काकांची छाती शर्टात मावत नव्हती. लेकीला फोन करून त्यांनी सांगितलं, "तू फक्त खाली गाडीतून उतर. पुढचं माझ्याकडे." लेक म्हणाली, "बाबा, जपून हं." काकांनी हे वाक्य कौतुक म्हणून घेतलं.

एवढी ताकद आल्यावर ती नुसत्या जिन्यावर कशी खर्ची घालणार? काकांनी लिफ्टचंही मनावर घेतलं. नात तर हातांवरून जाणारच होती, पण लेकीचं सामान, पाळणा, बादलीभर कपडे हे सगळं कोण वाहणार? ते लिफ्ट तपासणीच्या कार्यालयात गेले. कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं, आणि तिथल्या लिफ्टच्या दारावरही पाटी होती. काका जिन्याने चढले. कारकुनाने अर्ज बघून सांगितलं, की लिफ्ट चालू स्थितीत असल्याशिवाय तपासणी होत नाही.

"पण तपासल्याशिवाय चालू करायची नाही, असं तुमचंच पत्र आहे," काका म्हणाले.

"बरोबर आहे. तोही नियम आहे."

"मग आम्ही करायचं काय?"

"ते आमच्या कक्षेत येत नाही. शिवाय अर्जावर इमारतीचा शिक्का नाहीये."

दुसरा कोणी असता तर भांडला असता. काकांना मात्र आतून भरून आलं. असली उत्तरं त्यांनी स्वतः आयुष्यभर इंजिनिअरांना दिली होती, आणि इतक्या शांतपणे ती देणारा माणूस त्यांना निवृत्तीनंतर प्रथमच भेटत होता. त्यांनी कारकुनाला मनापासून नमस्कार केला, घरी येऊन शिक्का घेतला आणि पुन्हा गेले. शिक्का चालला, पण सही खजिनदाराची निघाली, सचिवाची हवी होती. पुन्हा गेले. या तिसऱ्या फेरीनंतर गुडघे बोलायला लागले, म्हणून त्या संध्याकाळी हिरवीच्या जोडीला एक पांढरी जास्तीची गेली.

मग एकेक सुरू झालं. आधी पाय सुजले. बूट चढेनात, म्हणून काका सपाता घालून हिंडू लागले आणि हवा जाते म्हणून घालतो असं सांगू लागले. पोटात आग पडायला लागली. मास्तरांनी आम्लपित्तावरचं गुलाबी औषध सुचवलं, त्याचे दोन घोट घेतले की आग थांबायची, आणि आग थांबली म्हणजे आत सगळं ठीक आहे, असं काकांनी धरलं. चेहरा उतरला, जिन्यावर दम लागायला लागला, अधूनमधून डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. काकूंनी रोज विचारायचं आणि काकांनी रोज सांगायचं, "उन्हाचा त्रास." बाहेर ढगाळ होतं, पण स्टोअरकीपरच्या बोलण्यावर शंका घेण्याची त्या घरात पद्धत नव्हती.

लेक यायचे दिवस जवळ आले, तशी काकांना तालमीची गरज वाटू लागली. फोनवरून त्यांनी नातीचं वजन विचारून घेतलं. तेवढ्याच वजनाची कपडे धुण्याच्या पावडरची पिशवी कपाटात होती. ती त्यांनी जुन्या शालीत गुंडाळली, एका टोकाला लहान मुलाचं टोपडं बांधलं, कारण डोकं कुठल्या बाजूला आहे ते कळायला हवं ना, आणि पिशवी छातीशी धरून ते तळमजल्यापासून निघाले. वकीलबाईंनी दारातून विचारलं, "अगंबाई, बाळ आलं?" काका अभिमानाने म्हणाले, "नाही, तालीम!" आणि वर चढत राहिले. दुसऱ्या मजल्यावर त्यांना घाम फुटला. तिसऱ्या मजल्याच्या पायऱ्यांवर जिना एकाएकी कलंडल्यासारखा झाला, भिंत लांब गेली, आणि काका मास्तरांच्या दारासमोर मटकन बसले. पिशवी हातातून सुटली.

नेमकं त्याच वेळी मास्तरीणबाईंनी दार उघडलं. त्यांना दिसलं ते असं: काका पायरीवर बसलेत आणि टोपडं घातलेलं बाळ डोक्यावर आपटत आपटत जिना उतरतंय. त्यांनी जी किंकाळी फोडली ती रस्त्यापलीकडच्या न्हाव्यापर्यंत पोचली. बाळ दुसऱ्या मजल्यावर भिंतीला धडकून फुटलं आणि त्यातून पांढऱ्या पावडरचा लोट उठला. मामा धावत आले आणि काय करावं ते न सुचून त्यांनी हातातली पाण्याची बादली ओतली. मग काय विचारता! फेसाचे डोंगर पायरी पायरीने तळमजल्याकडे निघाले. वकीलबाई त्यात घसरून बसल्या, त्यांना उठवायला गेलेले मास्तरही बसले, आणि खरं काय झालंय ते कळल्यावर सगळी इमारत पोट धरधरून हसायला लागली.

काकू हसल्या नाहीत. त्या वरून उतरून काकांजवळ बसल्या, त्यांचा हात हातात घेतला. हात बर्फासारखा गार होता. ओठ पांढरे पडले होते.

"खरं सांगा. काय होतंय?"

काकांनी आजूबाजूला पाहिलं आणि त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "परवापासून शौचाला काळं होतंय. डांबरासारखं."

"आणि हे तुम्ही मला आज सांगताय?"

काकूंचा आवाज असा काही लागला, की जिन्यावरचं हसू जागच्या जागी थांबलं. मास्तर आणि मामांनी खुर्ची आणली. सहीशिवाय खिळा न सोडणाऱ्या माणसाला खुर्चीत बसवून, फेसातून वाट काढत, सगळ्यांच्या देखत खाली नेलं. काका डोळे मिटून बसले होते. आपण बेशुद्ध आहोत असं लोकांना वाटलं तर बरं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. काकूंनी तेवढ्या गडबडीत एक गोष्ट केली. औषधांचा डबा उचलून काखेत मारला.

दवाखान्यातली डॉक्टरीणबाई वयाने काकांच्या लेकीएवढी होती. तिने नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, आणि लगेच माणसं कामाला लावली. रक्त तपासायला गेलं, रक्ताच्या बाटल्या आल्या, घशातून दुर्बीण घालून पोट पाहिलं. पोटात जखम झाली होती आणि तिच्यातून रक्त वाहत होतं. ते दुर्बिणीतूनच थांबवलं. काकू बाहेरच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांना भीती वाटत होती, साधी, सरळ भीती, आणि तिच्यासोबत इतका राग येत होता की रडूही फुटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काका जरा माणसात आल्यावर डॉक्टरीणबाईने डबा पलंगावर उपडा केला. पांढरी, गुलाबी आणि हिरवी पाकिटं बाजूला काढून तिने ती ओळीने मांडली.

"काका, या तिन्ही घेत होतात?"

"हो. पण वेगवेगळ्या वेळी. आणि मुदतीतल्या," काकांनी क्षीण आवाजात बजावलं.

"मुदत ठीक आहे हो. पण या तिन्ही एकाच घरातल्या आहेत. तिघींचं काम एक, दुखणं आणि सूज उतरवायची, आणि तिघींचा त्रासही एक. पोटाचं अस्तर दुबळं करतात, मूत्रपिंडावर ताण आणतात, अंगात पाणी धरतात, रक्तदाब चढवतात. म्हणून तर पाय सुजले. यातली एकच घ्यायची असते. दोन कधीच एकत्र घ्यायच्या नसतात."

"नावं तर वेगळी होती."

"कंपन्या वेगळ्या, म्हणून नावं वेगळी. छापील अक्षरांत खाली आतल्या औषधाचं नाव असतं, ते बघायचं. आणि तेही वेगळं असलं तरी घराणं एक असू शकतं, म्हणून विचारायचं. तुमची ती हृदयाची छोटी गोळी आहे ना, तीसुद्धा या घराण्याची नातेवाईकच. ती तुम्हाला लागते, ती मनाने बंद करायची नाही. पुढे कशी द्यायची ते आम्ही बघतो. पण तिच्यावर या तिघी घेतल्यात, त्याही उपाशीपोटी."

काका छताकडे बघत राहिले. कारखान्यात एकदा एकच बेअरिंग तीन कंपन्यांच्या तीन नावांनी तीन फळ्यांवर पडलेलं त्यांनी शोधून काढलं होतं. तेव्हा सगळ्या इंजिनिअरांना ओळीने उभं करून त्यांनी सुनावलं होतं, की नावावर जाऊ नका, माल हातात घेऊन बघा. साहेबांनी पाठ थोपटली होती. ते भाषण त्यांना आता शब्दन् शब्द आठवलं आणि त्यांनी चादर नाकापर्यंत ओढली.

"म्हणजे मी तिप्पट माल उचलला," ते चादरीतून म्हणाले.

"उचललात. वर ते आम्लपित्ताचं औषध. त्याने आग कळेनाशी झाली, जखम तशीच राहिली."

"मग या गोळ्या विषारीच म्हणा की," काकू म्हणाल्या.

"नाही हो काकू. योग्य माणसाला, तपासून, कमीत कमी मात्रेत, थोडेच दिवस, पोटात अन्न असताना दिल्या तर चांगल्या आहेत. कोणाला सोबत पोट सांभाळणारी गोळी देतो, मध्ये मध्ये रक्त तपासतो. पण वय झालेलं, रक्तदाब, हृदयाची गोळी, आणि आता ही जखम, असं सगळं असताना काकांनी त्यांच्या वाटेला जाऊच नये. गुडघ्यांसाठी व्यायाम, वजन, काठी, शेक. अगदीच लागलं तर काय चालेल ते मी ठरवीन. चोळायचं मलमसुद्धा मला विचारून. आणि काळं दिसलं, चक्कर आली, तर परवापर्यंत थांबायचं नाही. त्याच क्षणी यायचं."

भेटीच्या वेळी इमारत लोटली. प्रत्येकाचं तोंड उतरलेलं होतं, पण सल्ल्याची सवय अशी सुटते थोडीच! मास्तर म्हणाले, "माझी पांढरी अगदी सौम्य हो. हिरवीने घोटाळा केला." मामा उसळले, "हिरवी संध्याकाळची होती! सकाळी उपाशीपोटी कोण गेली होती पोटात?" वकीलबाईंनी गुलाबीची बाजू मांडायला सुरुवात केली, आणि पलंगाभोवती खटलाच उभा राहिला. नर्सने येऊन तिघांना बाहेर काढलं.

ते गेल्यावर काकूंचा बांध फुटला. "मला कोणी जिना चढलं नि कोणी नाही, याचं काडीचं कौतुक नाही," त्या म्हणाल्या. "ती पोर येणार आहे. ती आली आणि तुम्ही नसता, तर? तिला काय सांगितलं असतं मी? की तुझा आजा तुला उचलायच्या हट्टापायी गेला?" एवढं बोलून त्या भिंतीकडे तोंड करून रडल्या. काकांनी नुसता हात पुढे केला, आणि काकूंनी बऱ्याच वेळाने तो धरला.

घरी आल्यावर काका शहाण्यासारखे वागले. व्यायाम शिकवायला बाई येऊ लागली. खुर्चीत बसून पाय सरळ उचलायचा, धरायचा, सोडायचा. ती म्हणाली, जिना चढताना बरा पाय आधी टाका, उतरताना दुखरा, आणि एक हात कठड्यावर राहिलाच पाहिजे. काकांनी हे सगळं नियम म्हणून ऐकलं, आणि नियम म्हटल्यावर ते पाळणं आलंच. डबा त्यांनी औषधाच्या दुकानात नेऊन रिकामा केला. तिथे अशा गोळ्या नष्ट करायला घेत. दुकानदार म्हणाला, "काका, यात निम्म्या चांगल्या आहेत." काका म्हणाले, "असू देत."

पण सगळ्यात अवघड काम पुढेच होतं. लेक यायच्या आदल्या रविवारी बैठक भरली. लिफ्टचा विषय निघाला आणि शिक्का, सही, नियम यांच्यात पुन्हा अडकला. मग काका काठीवर भार देऊन उठले. बोलताना त्यांचे कान लाल झाले होते.

"मागच्या बैठकीत मी एक बोललो होतो. ते मी मागे घेतो. जिन्यावर माझा एक हात कठड्यावर लागतो, आणि तान्ह्या मुलाला दोन हात लागतात. नात मी आणणार नाही. ही आणेल." त्यांनी काकूंकडे बोट केलं. "आणि गोळ्यांचं स्टोअर आजपासून बंद. कोणी उरलेली गोळी घेऊन माझ्या दारात आलं तर मी त्याला डॉक्टरीणबाईंकडे पाठवीन. माझी गोळी तुम्हाला नाही, तुमची मला नाही."

कोणी हसलं नाही. काकू काकांकडे अशा बघत होत्या, जणू त्यांनी जगातला सगळ्यात उंच जिना एका दमात चढून दाखवलाय.

लेक यायचा दिवस उजाडला. गाडी थांबली, जावई सामान काढू लागले, आणि लेकीने मऊ दुपट्यातली ती पोर आईच्या हातात दिली. काका बाजूला उभे होते. त्यांनी दुपटं बोटाने जरासं सरकवून पाहिलं. नात झोपेत तोंड वाकडं करत होती. "माझ्यावर गेलीय," काका म्हणाले. "देव करो आणि हट्टात न जावो," असं म्हणून काकू निघाल्या. पदर खोचून, ताठ मानेने, एकेक पायरी जपून त्या अशा काही चढल्या, की काकांना वाटलं, ही बाई या घराचं सगळं वर्षानुवर्षं अशीच तर वर आणत होती. पिशव्या, पाणी, आजारी लेक, सगळं. आपण फक्त मुदती तपासल्या.

सगळे पुढे गेले. काका मागे राहिले. बरा पाय, मग दुखरा, मग काठी. दुसऱ्या मजल्यावर थांबून त्यांनी दम घेतला. गुडघे ठणकत होते, चांगलेच ठणकत होते. मास्तर सोबत होते. सवयीने त्यांचा हात खिशाकडे गेला आणि ते म्हणाले, "काका, एखादी गो—" वरच्या कठड्यावरून मास्तरीणबाईंनी नुसतं खाली पाहिलं. मास्तरांनी खिशातून रुमाल काढला आणि घाम पुसला. काका पुढे निघाले. वर गलका ऐकू येत होता, हसणं, बाळाचं रडणं, आणि त्यांच्या मनात आलं, की आत सगळ्यांनी बाळाला घेतलं असेल, चहा झाला असेल, आपण पोचेपर्यंत पोर पुन्हा झोपलीही असेल. त्यांना वाईट वाटलं. खोटं कशाला सांगायचं, खूप वाटलं. पण ते चढत राहिले.

चौथ्या मजल्यावर पोचले तर दार उघडं आणि घर रिकामं. लेक, जावई, मामा, वकीलबाई, सगळे बाहेर ताटकळत उभे. काकू नातीला घेऊन उंबऱ्याच्या अलीकडे उभ्या होत्या, आणि त्यांचे हात भरून आले होते हे स्पष्ट दिसत होतं.

"अगं, आत का नाही गेलात?"

"कशा जाणार? इथून पुढे जिना नाहीये," काकू म्हणाल्या. "काठी द्या इकडे. आणि दोन्ही हात पुढे करा."

काकांनी काठी जावयाकडे दिली. काकूंनी नात त्यांच्या हातांवर ठेवली आणि स्वतः त्यांचा दंड धरून उभ्या राहिल्या. नातीने डोळे उघडले, आजोबांकडे पाहिलं आणि त्यांच्या शर्टाचं बटण मुठीत पकडलं. काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांचा एकही हात मोकळा नव्हता. त्यांनी बरा पाय आधी टाकला, उंबरा ओलांडला, आणि सपाट, कोरड्या जमिनीवरून, एकही पायरी न चढता, नातीला घेऊन घरात आले.

तेव्हापासून काका भेटेल त्याला सांगतात, "नातीला घरात कोणी आणलं? मी! या दोन हातांनी!" इमारतीतला प्रत्येक जण तेव्हा तिथे उभा होता. कुठून आणलं, हे विचारायची आजवर एकाचीही टाप झालेली नाही, कारण असं विचारणाऱ्याची गाठ काकूंशी आहे.